टीडीएस ६४ म्हणजे पाणी शुद्ध?

गेल्या रविवारी नेरूळच्या आमच्या सोसायटीत वॉटर प्युरिफायर विकणारा एक मुलगा आला होता. ऑफिसातल्या टेबलावर त्याने दोन ग्लास ठेवले, एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या मशिनचं. दोन्हींत धातूच्या कांड्या सोडल्या आणि बटण दाबलं. मिनिटभरात नळाचं पाणी आधी पिवळट, मग शेवाळी आणि शेवटी गटारासारखं काळपट झालं. शेजारच्या काकूंनी तोंडाला पदर लावला. "हेच तुमची मुलं पितात," तो म्हणाला.

ती घाण पाण्यातली नव्हतीच. कांड्यांपैकी एक लोखंडाची असते. नळाच्या पाण्यात थोडे क्षार असतात, त्यामुळे त्यातून वीज वाहते, लोखंड विरघळतं आणि गंजासारखा साका धरतो. त्याच्या आरओ मशिनच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, म्हणून ते स्वच्छ दिसतं. मी घरातून चिमूटभर मीठ आणून त्याच्या मशिनच्या पाण्यात टाकलं, तेही काळं झालं. मग कुणीतरी नळाच्या पाण्यात टीडीएस मीटर बुडवला. ६४ आला. "मोरबे धरणाचं पाणी आहे, एकदम शुद्ध!" म्हणत सगळे निर्धास्त घरी गेले, आणि मला तिथे खरी काळजी वाटली.

कारण टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती सहज वाहते एवढंच मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. ६४ म्हणजे लिटरमागे ६४ मिलिग्रॅम. अमेरिकेने एप्रिल २०२४ मध्ये पीएफओए या रसायनाला पिण्याच्या पाण्यात जी मर्यादा घातली, ती आहे लिटरमागे ४ नॅनोग्रॅम. भागाकार करून बघा, १ कोटी ६० लाख पटींचा फरक आहे. मर्यादेच्या शंभरपट पीएफओए पाण्यात असलं तरी मीटरवरचा आकडा हलणार नाही.

पीएफओए हे 'पीएफएएस' नावाच्या हजारो रसायनांच्या कुळातलं. नॉनस्टिक लेपाचे कारखाने, पाणी न धरणारं कापड, तेलाची आग विझवायचा फेस, क्रोम प्लेटिंग अशा ठिकाणी हे कूळ वापरात आलं. जून २०२५ मध्ये इटलीत विचेन्झाच्या न्यायालयाने मितेनी या कारखान्याशी संबंधित ११ जणांना शिक्षा सुनावली. त्या कारखान्याने लाखो लोकांचं भूजल या रसायनांनी बिघडवलं होतं. कारखाना २०१८ मध्ये बुडाला, त्याची यंत्रं विकली गेली आणि आली कुठे, तर आपल्या रत्नागिरीतल्या लोटे-परशुराम एमआयडीसीत. ही बातमी वाचल्यापासून मला चैन नाही.

आता हे रसायन इतकं चिवट का, ते जरा निवांत बघू, कारण सगळी गोम तिथे आहे. खोबरेल तेलात कॅप्रिलिक आम्ल नावाचं एक स्निग्धाम्ल असतं. आठ कार्बन एका ओळीत, एका टोकाला आम्लाचं डोकं आणि उरलेल्या सात कार्बनांवर १५ हायड्रोजन. त्या पंधराच्या पंधरा हायड्रोजनांच्या जागी फ्लोरिन बसवा, झालं पीएफओए. सांगाडा तोच. पण मक्याच्या कणसावर दाणे जसे दाटीने बसतात, तसे फ्लोरिनचे अणू कार्बनच्या दांड्याला चहूबाजूंनी झाकून टाकतात. कार्बन-फ्लोरिन बंध तोडायला मोलमागे सुमारे ४८५ किलोज्यूल ऊर्जा लागते, कार्बन-कार्बन बंधाला साधारण ३५०. जिवाणूंच्या विकरांना आत शिरायला फटच मिळत नाही. तेल कुजतं, जळतं, खवट होतं. हे यातलं काहीच सहजी करत नाही.

शरीरात तर ते आणखी फसवतं. रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन स्निग्धाम्लांची ने-आण करतं. सारख्या सांगाड्यामुळे ते पीएफओएलाही उचलून घेतं. मूत्रपिंडात जे थोडं गाळलं जातं, तेही तिथले वाहक रेणू कामाचा माल समजून परत रक्तात ओढतात. खोबरेलातलं आम्ल पेशी जाळून टाकतात, हे मात्र जळत नाही. म्हणून माणसाच्या रक्तात पीएफओए निम्मं व्हायला दोन ते चार वर्षं लागतात. तीन धरली आणि आजपासून एक थेंबही पोटात गेला नाही, तरी बारा वर्षांनी सोळावा हिस्सा उरलेलाच असेल. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने पीएफओएला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं.

जलशुद्धीकरण केंद्रात तुरटीवर्गीय रसायनाने गढूळपणा खाली बसतो, वाळूत पाणी गाळलं जातं, क्लोरिनने जंतू मरतात. कॉलरा आणि विषमज्वर याच व्यवस्थेने आटोक्यात आणले, तिला नावं ठेवू नयेत. पण पूर्ण विरघळलेला हा रेणू तुरटीला सापडत नाही आणि फ्लोरिनला हुसकावणं क्लोरिनच्या आवाक्यातलं नाही. माझी आई पाणी वीस मिनिटं उकळते. त्यात वाफ पाण्याची होते, रसायन भांड्यातच राहतं, उलट किंचित दाट होतं. तांब्याचा तांब्या, तुळशीची पानं आणि हल्ली महागड्या बाटल्यांतून विकलं जाणारं 'अल्कलाइन' पाणी यांचाही इथे काडीचा उपयोग नाही.

आरओचा पडदा आणि सक्रिय कोळसा या रसायनांना बऱ्यापैकी अडवतात, हे खरं आहे. पण आरओचं टाकाऊ पाणी तेच रसायन घेऊन गटारातून खाडीत जातं. शिवाय राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये ५०० पेक्षा कमी टीडीएस असेल तिथे आरओवर बंदी घालायला सांगितलं. पाण्याची नासाडी थांबावी म्हणून ते योग्यच होतं, तरी निकष पुन्हा टीडीएसचाच. आणि ज्या आयएस १०५०० मानकावर आपलं पाणी तपासलं जातं, त्याच्या २०१२च्या आवृत्तीत शिसं, आर्सेनिक, कीटकनाशकं आहेत, पीएफएएसची ओळ नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोज्याला कारखान्यातल्या रंगाने निळे झालेले कुत्रे फिरताना दिसले तेव्हा गहजब झाला, कारण तो रंग डोळ्यांना दिसला. याला ना रंग, ना वास.

म्हणून घरोघरी मशिन बसवण्यापेक्षा मोरबे, बारवी आणि भातसा या तिन्ही धरणांच्या पाण्याची तपासणी आधी व्हायला हवी, पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा, आणि आकडे लोकांसमोर यायला हवेत. तसा अर्ज मी महापालिकेसाठी लिहिला आहे. काकूंसकट मजल्यावरच्या सगळ्यांनी सह्या केल्या. खाली तीन अटी घातल्या आहेत: नमुना पॉलिप्रॉपिलीनच्या बाटलीत घ्यावा, नळाच्या आट्यांवर प्लंबरची पांढरी टेफ्लॉन टेप असेल तर तो नळ टाळावा (टेफ्लॉनही याच कुळातलं), आणि प्रयोगशाळेचं यंत्र लिटरमागे ४ नॅनोग्रॅमपर्यंत मोजणारं असावं.