ब्राँकिओलायटिस की न्यूमोनिया : बाळाला धाप लागते तेव्हा

आठ महिन्यांचं बाळ, तीन दिवसांची सर्दी, अंगात ताप आणि मिनिटाला ५८ श्वास. एवढ्यावर न्यूमोनियाही म्हणता येतो आणि ब्राँकिओलायटिसही. दोन्हींत बाळाला धाप लागते, दोन्हींत बरगड्यांखाली खड्डे पडतात, आणि घरचे दोन्हींना ‘छाती भरली’ असंच म्हणतात. पण जिवाणूंच्या न्यूमोनियाला अँटिबायोटिक लागतंच, तर ब्राँकिओलायटिसला त्याचा काडीचा उपयोग नाही.

मूळ फरक जागेचा. ब्राँकिओलायटिस हा फुप्फुसातल्या सर्वांत बारीक श्वासनळ्यांचा आजार. बहुतेक वेळा आरएसव्ही नावाच्या विषाणूमुळे त्यांचं अस्तर सुजतं आणि चिकट स्राव व मेलेल्या पेशी आत साचतात. हवा आत जाते, बाहेर पडताना अडते. म्हणून श्वास सोडताना शिट्टीसारखा आवाज येतो आणि छाती फुगलेली राहते. फुगलेली फुप्फुसं यकृताला खाली ढकलतात. ते हाताला लागतं आणि वाढलंय असं वाटतं, प्रत्यक्षात ते फक्त सरकलेलं असतं. न्यूमोनियात नळ्यांच्या टोकाचे वायुकोश द्रवाने, पुवाने भरतात आणि फुप्फुसाचा तेवढा भाग घट्ट होतो. तिथे सहसा शिट्टी नसते, एका बाजूला बारीक चरचर ऐकू येते. आजार वाढला की बाळ प्रत्येक श्वासाला कण्हतं. वायुकोश मिटू नयेत म्हणून चाललेली ती धडपड असते.

श्वास मोजणं ही पहिली पायरी, आणि चुका इथेच सर्वांत जास्त होतात. कपडे वर करायचे, बाळ शांत किंवा झोपलेलं हवं, दूध पीत असताना मोजायचं नाही, आणि पूर्ण ६० सेकंद मोजायचं. तान्ह्या बाळाचा श्वास मध्येच थांबतो, मध्येच भराभर चालतो. १५ सेकंद मोजून चारने गुणलं की आकडा फसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादा अशा : दोन महिन्यांच्या आत ६०, दोन ते बारा महिने ५०, एक ते पाच वर्षं ४०. त्याइतके किंवा जास्त म्हणजे जलद. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्या आरोग्यदूतांसाठी मण्यांचं साधन केलं. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. मिनिट संपायच्या आत लाल मणी आला की श्वास जलद. गावपातळीवर न्यूमोनिया ओळखून औषध दिल्याने बालमृत्यू घटतात, हे त्यांनी १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दाखवलं.

पण मोजणी आजारी मूल पकडते, आजाराचं नाव सांगत नाही. पाकिस्तानात २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात छातीत शिट्टी असलेली १,६२२ मुलं होती. नुसत्या कानाला ती शिट्टी जेमतेम एक तृतीयांशाहून थोड्या जास्त मुलांत ऐकू आली. बाकीच्यांत स्टेथोस्कोप लागला. श्वासाच्या आकड्यावरून ज्यांना साधा न्यूमोनिया ठरला होता, त्यांतल्या सुमारे ६२ टक्के मुलांची धाप सालब्युटामॉल हे श्वासनळ्या मोकळं करणारं औषध तीनपर्यंत वेळा श्वासातून दिल्यावर उतरली. म्हणजे छाती न ऐकता दिलेलं अँटिबायोटिक पुष्कळदा वाया जातं.

याचा उलटा अर्थ मात्र काढू नये. ‘तीनदा वाफ देऊनही उतरलं नाही, म्हणजे न्यूमोनियाच’ हे चूक. सालब्युटामॉल नळीचा आवळलेला स्नायू सैल करतं. ब्राँकिओलायटिसमध्ये अडथळा मुख्यतः सूज आणि स्रावाचा असतो, म्हणून एक वर्षाखालच्या बाळात त्याचा फारसा परिणाम दिसत नाही. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या २०१४ च्या मार्गदर्शिकेने या आजारात सालब्युटामॉल आणि स्टेरॉइड दोन्ही देऊ नयेत असं सांगितलं. तरीही आपल्याकडे वाफेच्या मशीनवरून बाळ उठत नाही.

त्याहून उपयोगी प्रश्न आईला विचारायचा : आज कितवा दिवस? ब्राँकिओलायटिस दोन वर्षांच्या आतला आजार. नाक वाहण्यापासून सुरू होतो, तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वांत वाईट असतो, मग उतरतो. खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो. ताप सहसा ३९ अंश सेल्सिअसच्या खाली. उतार पडून पुन्हा जोराचा ताप चढला, किंवा सर्दी फारशी नसताना ताप आणि धाप एकदम आले, तर न्यूमोनियाकडे बोट जातं. थोड्या मोठ्या मुलात फुप्फुसाच्या खालच्या भागातला न्यूमोनिया नुसत्या पोटदुखीने येतो आणि अपेंडिक्सची शंका घेऊन मूल सर्जनकडे पोहोचतं.

‘एक्स-रे काढून टाकू, शंका नको’ हा विचार इथे नडतो. स्रावाने नळी बंद झाली की पुढचा भाग मिटतो आणि फिल्मवर न्यूमोनियासारखाच पांढरा डाग दिसतो. टोरांटोत साध्या ब्राँकिओलायटिसच्या २६५ बाळांचे एक्स-रे काढले, तेव्हा दोनच फिल्म निदानाशी विसंगत निघाल्या. डॉक्टरांचा अँटिबायोटिक देण्याचा विचार मात्र २.६ टक्के बाळांवरून १४.७ टक्क्यांवर गेला.

रक्तातला ऑक्सिजन मोजणं जास्त कामाचं. ९० टक्क्यांच्या खाली आला तर आजाराचं नाव कुठलंही असो, ऑक्सिजन लागतो. फक्त मोठ्यांची बोटाची क्लिप बाळाला चालत नाही. पायाला बसणारा बाळाचा प्रोब हवा, पाय गरम हवा आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबायला हवं.

न्यूमोनिया ठरला तर अमॉक्सिसिलिन, पण पुरेसं. किलोला ४० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. दहा किलोच्या मुलाला एका वेळी ४०० मिलिग्रॅम, म्हणजे ५ मिलीत १२५ वालं सिरप १६ मिली. ‘एक चमचा दोनदा’ हा डोस त्याच्या एक तृतीयांशही नाही. ब्राँकिओलायटिसला मिठाच्या पाण्याचे नाकातले थेंब, थोडं थोडं पण वारंवार दूध, गरज पडल्यास ऑक्सिजन.

शिट्टी एकाच बाजूला असेल तर दोन्ही नावं बाजूला ठेवून शेंगदाण्याची चौकशी करावी : असं काही श्वासनळीत अडकलंय का?

आणि दोन महिन्यांच्या आतल्या बाळाच्या बाबतीत हा विचार घरी करत बसू नये, थेट रुग्णालय. या वयात ब्राँकिओलायटिस कधी धापेने न येता श्वास थांबण्याने येतो. कुठल्याही वयाचं बाळ ७० श्वासांवरून ३० वर आलं, पण दूध ओढत नाही, डोळे उघडत नाही, तर ते सुधारलेलं नसतं. ते दमलेलं असतं.