सोळा आण्यांचा इलेक्ट्रॉन

खानापूरहून बसनं शिकवणीला येणाऱ्या बी.एस्सी.च्या एका मुलीनं परवा क्वांटम मेकॅनिक्सची वही पुढं सरकवली, 'पेटीतला इलेक्ट्रॉन' हे गणित उघडून. "सर, हे 'दोन भागिले एल'चं वर्गमूळ एकदम कुठनं आलं ओ?"

फळ्यावर एक इंटिग्रल लिहिलं असतं की झालं असतं. पण मला आठवला आमच्या ट्रंकेतला जमिनीचा जुना कागद. आजोबा आणि त्यांचे दोन भाऊ, प्रत्येकाच्या नावापुढं ५ आणे ४ पै. १२ पैंचा आणा, म्हणजे तिघांचे मिळून बरोबर १६ आणे. जमीन दोन एकर असो नाहीतर वीस, बेरीज सोळाच यायला हवी. साडेपंधरा आली तर लिहिणाऱ्याची चूक, साडेसोळा आली तर कोर्टकचेरी.

१९२६ साली श्रॉडिंगर या भौतिकशास्त्रज्ञानं इलेक्ट्रॉनसारख्या कणांसाठी आपलं समीकरण मांडलं. ते सोडवलं की तरंगफलन, म्हणजे कणाचं वर्णन करणारी लाट मिळते, पण तिचा नुसता आकार. उंची किती, याबद्दल समीकरण गप्प. उत्तर दहापट करून परत घातलं तरी ते तक्रार करत नाही. आणि या लाटेचा अर्थ काय, हे तर श्रॉडिंगरलाही नीट सांगता येत नव्हतं.

तो सांगितला मॅक्स बॉर्न या दुसऱ्या भौतिकशास्त्रज्ञानं, त्याच वर्षी आणि चक्क तळटिपेत. लेखाच्या मजकुरात त्यानं संभाव्यता, म्हणजे कण सापडण्याची शक्यता, थेट तरंगफलनाशी जोडली होती. प्रुफं तपासताना टीप घातली, की नीट पाहता ती तरंगफलनाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. याच अर्थासाठी त्याला १९५४ चं नोबेल मिळालं. (प्रुफं वाचायचा कंटाळा करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.) सी. व्ही. रामन यांच्या बोलावण्यावरून हा बॉर्न १९३५-३६ मध्ये काही महिने बेंगळुरात, भारतीय विज्ञान संस्थेत राहून गेला होता.

वर्गच का? लाट शून्याच्या वर जाते तशी खालीही जाते. वाटणीत कुणाला उणे चार आणे देता येत नाहीत.

आता तिच्या वहीतला प्रश्न. एल लांबीची पेटी, आत एक इलेक्ट्रॉन. सर्वांत कमी ऊर्जेची लाट म्हणजे साइनची एकच कमान, दोन्ही भिंतींपाशी शून्य. साइनच्या वर्गाची पेटीभरची सरासरी बरोबर अर्धी येते. म्हणून कमानीची उंची 'ए' धरली तर वर्गाखालचं क्षेत्रफळ होतं ए-वर्ग गुणिले एल, भागिले दोन. इलेक्ट्रॉन पेटीत कुठंतरी आहेच, तेव्हा ही बेरीज १, म्हणजे आपले सोळा आणे. त्यातून ए-वर्ग येतो दोन भागिले एल, आणि ए त्याचं वर्गमूळ. याला पुस्तकात प्रसामान्यीकरण म्हणतात. पोरं 'नॉर्मलाइज करायचं' म्हणतात, तेच सोपं.

दरवर्षी चारदोन जण वर्ग न करताच लाटेखालचं क्षेत्रफळ १ करायला जातात. त्यांना मी पुढच्या ऊर्जापातळीची लाट देतो. ती अर्धी वर, अर्धी खाली. क्षेत्रफळ शून्य. आता भागा कशानं!

पेटीचे तीन सारखे भाग केले तर आजोबांच्या हिशेबानं प्रत्येकी ५ आणे ४ पै. पण पहिल्या पातळीतला इलेक्ट्रॉन मधल्या भागाला ९ आणे ९ पै देतो, आणि कडेच्या दोघांना जेमतेम ३ आणे दीड पै. भावाभावांत अशी वाटणी झाली असती तर बोलणंच बंद झालं असतं. बेरीज मात्र चोख.

हायड्रोजनच्या अणूला बांधच नाही. लाट अनंतापर्यंत जाते, तरी इतक्या भराभर उतरते की बेरीज आवरते. मूळ, म्हणजे सर्वांत कमी ऊर्जेच्या स्थितीत इलेक्ट्रॉन सापडण्याची शक्यता सर्वांत जास्त असलेलं अंतर ०.०५३ नॅनोमीटर, म्हणजे बोर त्रिज्या. (हा बोर वेगळा, नील्स.) त्या त्रिज्येच्या आत हिस्सा किती? ५ आणे २ पै, आजोबांपेक्षा दोनच पै कमी! दुप्पट अंतरापर्यंत १२ आणे २ पै, तिप्पट अंतरापर्यंत १५ आणे. उरलेला एक आणा त्यापलीकडं, पार अनंतापर्यंत विरळ पसरलेला. अणूचं चित्र काढताना आपण कडेला गोल रेघ मारतो ना, ती आपल्या सोयीची.

काही लाटा सोळा आण्यांत बसतच नाहीत. ज्याचा संवेग (वस्तुमान गुणिले वेग) अगदी नेमका ठरलाय अशा मोकळ्या इलेक्ट्रॉनची लाट सगळीकडं सारख्याच उंचीची, म्हणून बेरीज अनंत. तिथं मग अनेक लाटा मिसळून आखूड पुंजका करतात, नाहीतर एक मोठी काल्पनिक पेटी धरतात.

एकदा बेरीज सोळा केली की ती रोज तपासावी लागत नाही. काळाबरोबर हिस्से इकडचे तिकडं सरकतात, एकूण तेवढंच राहतं. ती सोय समीकरणातच आहे.

मुलगी वही मिटता मिटता थांबली. "पण सर, वर्गमूळ वजाही येतं की. तसं लिहिलं तर?"

येतं की. लाट उलटी होईल, वर्ग तोच राहील, इलेक्ट्रॉनला काही फरक पडणार नाही. पेपर तपासणाऱ्याला पडेल की नाही, याची हमी मी दिली नाही.