अकान पूर्वज आणि अकान देवता: फरक कुठे पडतो?

घानातले अकान लोक समारंभात जमिनीवर मद्य ओतून आवाहन करतात. आधी सर्वोच्च देव न्यामे, मग 'आसासे या' नावाची भूमाता, पुढे नद्या-डोंगरांच्या देवता म्हणजे अबोसोम, आणि मग पूर्वज. सगळ्यांची नावं ओळीने घेतली जातात, म्हणून पूर्वजही देवांपैकीच एक, असं बाहेरच्याला वाटतं. आफ्रिकी श्रद्धांना सरसकट 'पूर्वजपूजा' म्हणून मोकळं होण्याची सवय अशा समजातूनच पोसली गेली. ती सोडायला हवी.

देवतेशी नातं गुण येईल तोवरचं. समाजशास्त्रज्ञ आणि पुढे घानाचे पंतप्रधान झालेले कोफी बुसिया यांनी लिहून ठेवलंय की, देवता पावली तर तिचा मान, नाही तर लोक तिला उघड हिणवतात.

पूर्वजाला असं टाकून देता येत नाही, तो घरचा माणूस. पण मेला की झाला पूर्वज, असंही नाही. पूर्ण आयुष्य, मुलंबाळं आणि चांगलं नाव लागतं. आत्महत्या किंवा अशुभ मानलेला मृत्यू आला तर तो मान सहसा मिळत नाही. आसान्ते या अकान समूहाच्या प्रमुखांच्या बाबतीत हे स्पष्ट दिसतं. सन्मानाने गेलेल्या प्रमुखाचं लाकडी आसन काजळी आणि अंड्याचा बलक फासून काळं करतात आणि खास खोलीत जपतात. पदावरून काढलेल्याच्या वाट्याला ते येत नाही. दर 42 दिवसांच्या चक्रात आडे सण येतो. तेव्हा सध्याचा प्रमुख त्या खोलीत जातो, खांद्यावरचं वस्त्र उतरवतो, चपलेतून पाय काढतो आणि कुस्करलेला याम कंद व अंडी ठेवतो. जिवंत वडीलधाऱ्यांपुढे वागावं तसंच हे वागणं आहे, आणि मला यातच सगळा फरक दिसतो.

तत्त्वज्ञ क्वासी विरेदू (1931–2022) यांनी हे आणखी पुढे नेलं. अकान कल्पनेतला मृतांचा देश इथल्या जगासारखाच असतो. तिथे स्वर्गसुखाचं बक्षीस नाही. पूर्वजांचं लक्ष घरच्यांच्या भल्याकडे असतं.

केनियाचे धर्म-अभ्यासक जॉन म्बिती यांनी 1969 मध्ये मांडलं की, नावानिशी ओळखणारं कुणी हयात असेपर्यंत मृत माणूस एका अर्थी जिवंतच असतो. ही मुदत आसान्ते प्रमुखांना लावता येत नाही. त्यांना पाहिलेलं कुणी उरलं नाही, तरी आडेला त्यांची नावं घेतली जातात.