आर्जिनिन: रक्तवाहिन्या सैल करणारं अमिनो ॲसिड, पण पावडर घ्यायची का?

जिमला जाणारे लोक वर्कआउटच्या आधी जी पावडर घेतात ना, त्यातल्या बऱ्याच डब्यांवर एल-आर्जिनिन लिहिलेलं असतं. पण या अमिनो ॲसिडची (म्हणजे प्रथिनं ज्यांपासून बनतात त्यातल्या एका घटकाची) खरी गोष्ट स्नायूंची नाही, रक्तवाहिन्यांची आहे.

१९८० मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ रॉबर्ट फर्चगॉट यांनी मांडलेला प्रयोग मला फार आवडतो. सशाच्या महाधमनीची छोटीशी पट्टी कापायची, ती आधी औषधाने आकसून घ्यायची आणि मग त्यावर ॲसिटिलकोलिन (नसांचे निरोप पोचवणारं एक रसायन) टाकायचं. आतलं अस्तर शाबूत असेल तर पट्टी सैल पडते आणि तेच अस्तर घासून निघालं असेल तर अजिबात सैल पडत नाही! म्हणजे सैल व्हायचा निरोप त्या एका पेशीइतक्या जाड थरातून येतो. पुढे कळलं की हा निरोप म्हणजे नायट्रिक ऑक्साईड, चक्क एक वायू, जेमतेम काही सेकंद टिकणारा (१९९८ चं नोबेल याच शोधाला मिळालं), आणि पेशी तो बनवतात आर्जिनिनपासून.

मग वाटणारच की आर्जिनिन जास्त घेतलं की वायू जास्त, रक्तवाहिन्या मोकळ्या, बीपी कमी. थोडंफार होतं तसं, ट्रायल्स एकत्र करून पाहिल्या तर वरचं बीपी साधारण ५ अंकांनी उतरलेलं दिसतं. पण तोंडाने घेतलेलं बरंचसं आर्जिनिन आतड्यात आणि लिव्हरमध्येच फोडलं जातं, आणि निरोगी माणसाच्या पेशीत ते मुळात कमी नसतंच, त्यामुळे वरून आणखी ओतून फार फरक पडत नाही.

आणि "नैसर्गिक आहे, काय होतंय" असं म्हणणाऱ्यांनी २००६ ची ट्रायल नक्की बघावी. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या १५३ रुग्णांपैकी काहींना आर्जिनिन दिलं, काहींना नुसती प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली दिखाऊ गोळी. आर्जिनिनवाल्यांत ६ जण दगावले, दुसऱ्या गटात एकही नाही, आणि ट्रायल मध्येच थांबवावी लागली. त्यामुळे अटॅकनंतर हे घेऊच नका, आणि नायट्रेटच्या (हृदयविकारात छातीत दुखू नये म्हणून देतात त्या) किंवा बीपीच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय डबा उघडू नका, बीपी एकदम खाली जाऊ शकतं.

काही बाळांना मात्र जन्मतः युरिया सायकलचा (शरीरातल्या अमोनियाचा निचरा करणाऱ्या प्रक्रियेचा) आजार असतो, शरीराला आर्जिनिन पुरेसं बनवता येत नाही आणि रक्तात अमोनिया साचत जातो. अशा वेळी डॉक्टर शिरेतून आर्जिनिन देतात, कारण तिथे कमतरता खरोखरची असते.