कफ पातळ करणारी गोळी आणि धाप बळावल्यावरचे औषध

सीओपीडीचा, म्हणजे श्वासनलिका अरुंद होऊन धाप लागणाऱ्या फुफ्फुसांच्या जुनाट आजाराचा, रुग्ण असलेल्या घरात औषधांच्या डब्यात श्वासातून औषध घेण्याचा निळा पंप आणि कफ पातळ करणाऱ्या गोळ्या शेजारीशेजारी असतात, आणि धाप बळावली की दोन्हींकडे एकाच आशेने हात जातो. छाती कफाने भरली आहे, कफ पातळ झाला की तो सुटेल आणि श्वास मोकळा होईल, असा हा हिशेब असतो. तो ऐकायला इतका सरळ वाटतो की कित्येक औषध दुकानांतूनही तोच सांगितला जातो.

पंपाबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही. त्यातले साल्ब्युटामॉल हे औषध श्वासनलिकांभोवतीचे आवळलेले स्नायू काही मिनिटांत सैल करते आणि त्याचा परिणाम चार ते सहा तास टिकतो. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावून घेतले तर औषध घशात कमी आणि फुफ्फुसात जास्त पोहोचते. हे बहुतेकांना ठाऊक असते, पाळतात मात्र थोडे.

कफ पातळ करणाऱ्या औषधांत एसिटिलसिस्टीन, कार्बोसिस्टीन, अँब्रॉक्सॉल, ब्रोमहेक्सिन आणि एर्डोस्टीन ही नावे नेहमी दिसतात. कोणते पाण्यात फसफसते, कोणते सिरपमध्ये येते, कोणाला सडक्या अंड्यासारखा वास येतो, हे भेद किरकोळ आहेत. ब्रोमहेक्सिन हे अडुळशातील व्हॅसिसीन या द्रव्यावरून घडवले गेले आणि अँब्रॉक्सॉल हे ब्रोमहेक्सिनचेच शरीरात होणारे रूप आहे. त्यामुळे अडुळशाचा काढा पिणाऱ्याने सिरपवाल्याला, किंवा सिरपवाल्याने काढेवाल्याला, नावे ठेवण्यात फारसा अर्थ नाही.

घोटाळा खरा होतो तो काळाच्या बाबतीत. पंप आजच्या धापेसाठी असतो. कफ पातळ करणारे औषध, जिथे त्याचा उपयोग दिसला आहे तिथे, पुढच्या वर्षभरातल्या धापेसाठी असते. चीनमध्ये झालेल्या दोन मोठ्या चाचण्या याचा चांगला नमुना आहेत. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सुमारे 700 रुग्णांपैकी निम्म्यांना वर्षभर रोज 1500 मिलिग्रॅम कार्बोसिस्टीन दिले गेले, तेव्हा त्रास बळावण्याचे प्रमाण दर रुग्णामागे वर्षाला औषध घेणाऱ्यांत 1.01 आणि औषधाविना 1.35 होते. 2014 सालच्या चाचणीत सुमारे 1000 रुग्ण होते. एसिटिलसिस्टीन 600 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा घेणाऱ्यांत हे प्रमाण 1.16 होते आणि औषधाविना 1.49. म्हणजे स्थूलमानाने तीन वर्षांत एखादा प्रसंग टळतो. आकडा छोटा आहे, पण ज्याला दर खेपेला रुग्णालय गाठावे लागते त्याला तो छोटा वाटत नाही. याउलट युरोपात तीन वर्षे चाललेल्या आणि 2005 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिवसाला 600 मिलिग्रॅम एसिटिलसिस्टीनने ना फुफ्फुसांची घसरण थांबली, ना एकूण रुग्णांत बळावण्याचे प्रसंग घटले. फायद्याची शक्यता दिसली ती श्वासातून स्टिरॉइड न घेणाऱ्यांत.

या सर्व चाचण्यांत औषध महिनोन्महिने, बरे वाटत असतानाही घेतले गेले होते. आपल्याकडे नेमके उलट होते. बरे वाटले की गोळी बंद आणि खोकला वाढला की गोळी सुरू. अशा वापरातून वरच्या आकड्यांतला फायदा मिळेल असे मानायला कसलाही आधार नाही.

मग ऐन बळावलेल्या दिवसांत ही गोळी काय करते? न्यूझीलंडमध्ये याच प्रश्नावर एक चाचणी झाली आणि 2004 साली प्रसिद्ध झाली. रुग्णालयात दाखल झालेल्या 50 रुग्णांना नेहमीच्या उपचारांबरोबर सात दिवस एसिटिलसिस्टीन किंवा औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी दिली गेली. श्वासाच्या क्षमतेत फरक पडला नाही. कफ सुटायला थोडा सोपा जातो असे काही लहान अभ्यासांत आढळले आहे आणि तेवढे श्रेय द्यायला हरकत नाही. पण त्या दिवसांत बहुधा विषाणू किंवा जिवाणूंच्या संसर्गाने श्वासनलिकांचे अस्तर सुजलेले असते, स्नायू आवळलेले असतात, आणि आत घेतलेली हवा पूर्ण बाहेर पडण्याआधीच पुढचा श्वास घ्यावा लागल्याने फुफ्फुसे फुगून राहतात. कफ हा या गोंधळातला एक भागीदार आहे, सूत्रधार नव्हे. म्हणून उपचारही वेगळे असतात: वारंवार पंप किंवा नेब्युलायझर (औषधाचे बारीक तुषार श्वासातून देणारे यंत्र), पोटातून स्टिरॉइड (नेहमीचा क्रम 40 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन, पाच दिवस), धाप आणि कफ वाढून बेडका पिवळा-हिरवा झाला तर प्रतिजैविक, आणि गरज पडल्यास मोजूनमापून ऑक्सिजन. हे सर्व बाजूला ठेवून सिरपची बाटली संपवत बसणे म्हणजे उपचाराचे पहिले दोन दिवस वाया घालवणे आहे.

बाटलीचा विषय निघालाच आहे, तर मिश्र सिरपांबद्दल. अँब्रॉक्सॉल, कफ सुटा करणारे ग्वायफेनेसिन आणि साल्ब्युटामॉलच्याच जातीचे टर्ब्युटालिन एकाच चमच्यात देणारी सिरपे आपल्याकडे सर्रास खपतात. पोटातून गेलेल्या टर्ब्युटालिनने हात थरथरतात, छाती धडधडते, आणि रुग्ण पंपही घेत असेल तर एकाच जातीचे औषध त्याला दोन वाटांनी मिळते. त्याहून वाईट म्हणजे खोकला दाबणारे औषध आणि कफ सोडवणारे औषध एकत्र असलेली सिरपे. कफ सुटा करायचा आणि तो बाहेर टाकणारा खोकलाच दाबायचा, यात कोणते शहाणपण आहे हे मला आजवर समजलेले नाही. कफ पातळ करणारे औषध घ्यायचेच असेल तर ते एकटे, ठरलेल्या मात्रेत घ्यावे.

ते कोणी घ्यावे यावर तज्ज्ञांचेही एकमत नाही. ब्रिटनची नाइस ही उपचारांबाबत मार्गदर्शन करणारी संस्था केवळ त्रास बळावण्याचे प्रसंग टाळण्यासाठी सरसकट देऊ नये म्हणते, मात्र ज्यांना कायम कफाचा खोकला आहे त्यांना देऊन पाहावे आणि उतार पडला तरच चालू ठेवावे, असे सुचवते. मला हा मार्ग पटतो. पण त्याआधी पंप नीट घेता येतो का, विडी किंवा चुलीचा धूर थांबला का, फ्लू आणि न्यूमोकॉकस या न्यूमोनियाच्या जिवाणूची लस झाली का, हे पाहिले पाहिजे. आपल्या खेड्यांत आयुष्यात कधी विडी न ओढलेल्या, चुलीपुढे बसलेल्या बायकांनाही हा आजार होतो. जे हे औषध आधीपासून रोज घेत आहेत त्यांनी धाप बळावली म्हणून ते बंद करण्याचे कारण नाही, फक्त त्यावर विसंबून राहू नये. पोटात अल्सर असेल तर कार्बोसिस्टीन टाळावे, आणि एसिटिलसिस्टीन स्वतःच्या मनाने नेब्युलायझरमध्ये घालू नये, कारण त्याने श्वासनलिका आणखी आवळू शकतात.