अत्यावश्यक कोण? मुंबईच्या लोकलपाशी अडलेल्या प्रश्नाची पार्श्वभूमी

साथीच्या काळात कोणते काम थांबवता येत नाही, हा प्रश्न मुंबईला नवा नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेगचे रुग्ण आढळल्यानंतर लाखो लोक शहर सोडून गावाकडे निघाले. रुग्णांना सक्तीने रुग्णालयात हलवण्याच्या धास्तीने हलालखोर, म्हणजे मैला व कचरा उचलणारे सफाई कामगारही निघून जातील आणि शहर राहण्याजोगे उरणार नाही, या भीतीने महापालिका प्रशासनाला ती सक्ती सौम्य करावी लागली. मात्र पुढच्याच वर्षी आलेल्या, अवघ्या चार कलमांच्या साथरोग कायद्यात या कामाचा उल्लेखही नव्हता.

स्वातंत्र्यानंतर १९५५ चा जीवनावश्यक वस्तूंचा कायदा साठेबाजीला आळा घालण्यासाठी आला, आणि १९६८ चा अत्यावश्यक सेवांचा कायदा व त्याच धर्तीवरचा राज्याचा ‘मेस्मा’ संप रोखण्यासाठी. मार्च २०१८ मध्ये अंगणवाडी सेविकांना मेस्माच्या कक्षेत आणल्यावर विरोध झाला आणि त्या निर्णयाला स्थगिती द्यावी लागली, यावरून ‘अत्यावश्यक’ या शब्दाची तोवरची सवय दिसते. कर्मचाऱ्याने काम सोडू नये यासाठी तो वापरला जाई. कामावर पोहोचण्याचा हक्क त्यातून मिळत नसे.

२४ मार्च २०२० रोजी निघालेल्या केंद्राच्या कोविड टाळेबंदीच्या आदेशात किराणा, दूध, औषधे, बँका, पेट्रोल पंप, वीज, दूरसंचार, प्रसारमाध्यमे आणि खासगी सुरक्षासेवा यांना सूट होती. ही यादी आस्थापनांची होती. त्या आस्थापनांत काम करणारा माणूस नालासोपारा, बदलापूर किंवा पनवेलहून येणार कसा, याचे उत्तर तिच्यात नव्हते, कारण मुंबईची लोकल त्याआधीच, २२ मार्चच्या मध्यरात्रीपासून, सर्वसामान्य प्रवाशांसाठी बंद झाली होती. बेस्ट आणि एसटीच्या गाड्यांनी रुग्णालये, पोलीस आणि महापालिका यांच्या कर्मचाऱ्यांची ने-आण केली. उरलेल्यांना मालकाने केलेली सोय किंवा दुचाकी एवढाच आधार होता.

खरा वाद सुरू झाला तो १५ जून २०२० रोजी लोकल मोजक्या फेऱ्यांनिशी पुन्हा धावू लागल्यावर. बाराशे आसनांच्या गाडीत सातशेच प्रवासी बसवायचे ठरले आणि प्रवेश राज्य सरकारने ठरवलेल्या प्रवर्गांपुरता ठेवण्यात आला. स्थानकाच्या दारात ओळखपत्र तपासले जाई आणि तिकीट त्यानंतर मिळे. आरंभी शासकीय, पालिका, पोलीस आणि आरोग्य कर्मचारी होते. जुलैत केंद्रीय कार्यालये, टपाल, राष्ट्रीयीकृत बँका आणि न्यायालयीन कर्मचारी आले. पुढे सहकारी व खासगी बँकांच्या मर्यादित कर्मचाऱ्यांना आणि डबेवाल्यांनाही परवानगी मिळाली. गणवेशातील सुरक्षारक्षकांचा समावेश ऑक्टोबरमध्ये झाला. म्हणजे ज्यांचे काम मार्चच्या यादीत पहिल्या दिवसापासून होते, त्यांना डब्यात शिरायला सात महिने लागले. यादीत नाव येण्यासाठी कामाच्या निकडीपेक्षा त्या कामामागे पत्र लिहू शकणारे कार्यालय किंवा संघटना असणे महत्त्वाचे ठरले, असे या क्रमावरून स्पष्ट दिसते. किराणा दुकानातल्या नोकराला असे पत्र कोण देणार होते? घरकाम करणाऱ्या बाईकडे तर ओळखपत्रच नसते.

२२ जुलै २०२० रोजी सकाळी नालासोपाऱ्यात एसटी मिळेना म्हणून चाकरमानी थेट रेल्वे रुळांवर उतरले. त्या घटनेकडे कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न म्हणून पाहिले गेले, पण कार्यालये उघडण्यास परवानगी देऊन तिथे जाण्याचा मार्ग बंद ठेवल्याचा तो सरळ परिणाम होता. ऑक्टोबरमध्ये सर्व महिलांना प्रवासमुभा देण्याचे राज्याने नवरात्राच्या तोंडावर कळवले, रेल्वेने आधी कार्यपद्धती ठरवा म्हटले, आणि अखेर २१ ऑक्टोबरपासून सकाळी अकरा ते दुपारी तीन आणि सायंकाळी सातनंतर ही मुभा लागू झाली. नऊच्या पाळीला जाणाऱ्या स्त्रीला या वेळांचा उपयोग नव्हता. १ फेब्रुवारी २०२१ पासून सर्वांना लोकल खुली झाली, तीही सकाळी सातपर्यंत, दुपारी बारा ते चार आणि रात्री नऊनंतर.

दुसऱ्या लाटेत विसंगती अधिक ठळक झाली. एप्रिल २०२१ मधील ‘ब्रेक द चेन’ आदेशांनुसार किराणा, भाजी, दूध, अंडी-मासळी, शेतीची अवजारे आणि येऊ घातलेल्या पावसाळ्याच्या साहित्याची दुकाने सकाळी सात ते अकरा उघडी राहणार होती. पावसाळ्याचा हा उल्लेख मोलाचा आहे. एप्रिल संपत आला की कोकणात आणि मुंबईच्या चाळींत ताडपत्री छपरावर चढवावीच लागते, याची जाण तो मसुदा लिहिणाऱ्याला होती. पण त्याच आठवड्यात, २२ एप्रिलपासून, लोकल फक्त शासकीय व वैद्यकीय कर्मचारी आणि रुग्ण यांच्यापुरती उरली. ताडपत्री अत्यावश्यक ठरली आणि ती विकणारा नोकर ठरला नाही.

आशा स्वयंसेविकांची बाजूही याच काळातली. घरोघरी तपासणी करणाऱ्या या स्त्रिया कागदोपत्री कर्मचारी नव्हत्या, मोबदल्यावर काम करणाऱ्या स्वयंसेविका होत्या. जून २०२१ मधील त्यांच्या संपानंतर दरमहा एक हजार रुपयांची वाढ आणि पाचशे रुपयांचा कोविड भत्ता मान्य झाला.

१५ ऑगस्ट २०२१ पासून निकष बदलला. लशीची दुसरी मात्रा घेऊन चौदा दिवस झालेल्या कोणालाही लोकलचा पास मिळू लागला, आणि व्यवसायाची यादी मागे पडून प्रमाणपत्र पुढे आले. या अटीमागच्या आदेशांच्या कार्यपद्धतीवर फेब्रुवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने गंभीर आक्षेप घेतले. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याला, राज्यातील सर्व निर्बंध उठले. वर्गवारीचे ते आदेश त्याबरोबर संपले. दुकानातला नोकर आणि घरकामगार अत्यावश्यक आहेत की नाहीत, हे मात्र त्यांपैकी एकाही आदेशाने ठरवले नव्हते.