वशिंडात नाही, शेणात बघा

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत सध्या तुपाच्या बरण्यांची चढाओढ लागली आहे. परवा शेजारच्या काकूंनी एक बरणी हातात ठेवली. वर खिल्लार गायीचं चित्र, 'ए-टू बिलोना तूप' (बिलोना म्हणजे दही घुसळून काढलेलं) अशी ठळक अक्षरं आणि खाली बारीक मजकूर: वशिंडातली 'सूर्यकेतू नाडी' उन्हातलं सोनं शोषून घेते, म्हणून तूप पिवळं.

वशिंडात स्नायू असतो आणि चरबी असते. नाडी नाही आणि सोनंही नाही. पिवळा रंग हिरव्या चाऱ्यातल्या बीटा कॅरोटीनचा. गाय त्यातलं बरंच तसंच दुधात उतरवते. म्हैस त्याचं अ जीवनसत्त्व करून टाकते, म्हणून तिचं तूप पांढरं. राहिलं ए-टू. बीटा केसिन या दुधातल्या प्रथिनाची माळ २०९ अमिनो आम्लांची. तिच्यात ६७ व्या जागी प्रोलिन असलं की ए-टू, हिस्टिडिन असलं की ए-वन. पण तुपात प्रथिन जवळजवळ उरतच नाही! प्रथिनाचा प्रकार सांगून तूप विकणं म्हणजे पगडीचा रंग सांगून जोडे विकणं. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने असे दावे काढून टाकायला सांगितलं आणि आठवड्याच्या आत तो आदेश मागेही घेतला. शिवाय म्हशीचं दूधही ए-टूच असतं, हे मात्र कुठल्याच बरणीवर छापत नाहीत.

याचा अर्थ देशी गाईत दम नाही, असा नाही. तो दम गोचिडीला विचारावा.

खिल्लार, डांगी, देवणी ही सगळी वशिंडाची जनावरं. गोचिडीची बारीक पिल्लं अंगावर चढली, की या जनावरांची कातडी चटकन चिडते, खाज सुटते, जनावर चाटून-घासून त्यांना झाडतं. रक्त पिऊन टम्म फुगेपर्यंत फार थोड्या गोचिडी टिकतात. होल्स्टीन किंवा जर्सी रक्ताच्या जनावरावर त्यांची चंगळ असते, आणि मागोमाग गोचीडताप येतो. मग औषधं आली. त्यांतलं एक आयव्हरमेक्टिन. जपानच्या मातीतल्या जिवाणूपासून हे घराणं निघालं आणि त्याच्या शोधाला २०१५ चं नोबेल मिळालं. औषध खरोखर गुणी आहे. गोष्ट सुरू होते ती ते जनावराच्या पोटातून बाहेर पडल्यावर, कारण त्याचा बहुतेक भाग न बदलता शेणातूनच पडतो.

जूनअखेरीस दोन दमदार पाऊस झाल्यावर भोरकडे एका मित्राच्या माळावर गेलो होतो. त्याने काडीने शेणाचा एक पो उलटला. वरून साय धरलेला, आत चाळणी झालेला. कडेला तांबड्या मातीचे बोटभर ढीग. खाली बोटाएवढं बीळ आणि त्यात पाठमोरा, काळा कुळकुळीत शेणभुंगा, मागच्या पायांनी माती लोटणारा. शेणाचा गोळा ढकलत नेणारे भुंगे प्रसिद्ध झाले. त्यांतली एक आफ्रिकी जात रात्री आकाशगंगेच्या पट्ट्यावरून दिशा धरते, हेही २०१३ मध्ये दाखवून झालं. मला मात्र हे बीळवाले जास्त आवडतात. पोच्या थेट खाली खणायचं, शेण आत ओढायचं, त्याच्या गोळ्या वळायच्या आणि एका गोळीत एकच अंडं. अळीचं घर तेच आणि शिदोरीही तीच. उन्हात वाळताना अमोनिया होऊन उडून गेला असता तो नायट्रोजन मुळांशी पोचतो, बिळांतून पाणी मुरतं, माश्यांच्या अळ्यांना शेण उरत नाही. ऑस्ट्रेलियात गाईगुरं बाहेरून आली. तिथल्या भुंग्यांना कांगारूच्या लेंड्यांची सवय, गाईचा पो त्यांना झेपेना. कुरणं शेणाने झाकली, माश्या माजल्या, आणि १९६८ पासून बाहेरचे भुंगे आणून सोडावे लागले.

आता त्या शेणात आयव्हरमेक्टिन घाला. कृमी-कीटकांच्या चेतापेशींवर क्लोराइडची दारं असतात, ग्लुटामेट आलं की उघडणारी. हे औषध ती उघडीच ठेवतं. क्लोराइड आत येत राहतो, पेशी गप्प होते, स्नायू लुळे पडतात. सस्तन प्राण्यांत ही दारं नसतात, म्हणून गाय ठणठणीत. शेणातल्या अळीला मात्र ती असतात. टोचल्यानंतर काही आठवडे पडणारं शेण दिसायला तेच, पण गोळीतल्या अळ्या आतच मरतात.

देशी जनावराला हे औषध कमी लागतं, सेंद्रिय पशुपालनातली त्याची खरी किंमत मला इथे दिसते. बाकी भाबडेपणा नको. लम्पी २०२२ मध्ये देशी गाईंनाही झाला, लस त्यांनाही लागली. खिल्लार मुळात औताची जात, दूध बेताचं. त्यामुळे गाईच्या ढेकरांतून निघणारा, हवा तापवणारा मिथेन वायू दुधाच्या लिटरमागे मोजला तर संकरित गाय सरस ठरते.

मित्राकडे पाच खिल्लार आणि दोन संकरित. घर त्या दोघींच्या दुधावर चालतं, त्यामुळे त्या विकणार नाही म्हणतो. मात्र भाकड काळात त्यांना औषध टोचलं, की महिनाभर गोठ्यातच बांधतो. त्यांचं शेण वेगळ्या खड्ड्यात कुजवतो, माळावर फक्त खिल्लार सोडतो. काकूंना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे तुमचा मित्र तूप विकतो का?"